सात नंबरच्या खड्ड्याचे नंबरवाले

त्यांना सगळे नंबरवाले म्हणत. नवा माणूस हे नाव ऐकून चपापायचा. त्याला वाटायचं, गृहस्थ आकडे लावतात की काय! तसलं काही नव्हतं हो. उत्खनन खात्याच्या गोदामात बसून जुन्या मडक्यांच्या फुटक्या तुकड्यांवर नंबर घालायचे, हा त्यांचा धंदा. एकतीस वर्षं तेवढंच केलं. लोक आयुष्यात काय काय करतात. घरं बांधतात, भावकीशी भांडतात, निवडणुकीला उभे राहतात आणि सपाटून पडतात. ह्या माणसाने खापरांवर नंबर घातले.

काम ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, म्हणजे कळेल. गावाबाहेरच्या टेकाडावर खोदकाम चाले आणि तिथून कापडी पिशव्या येत. प्रत्येक पिशवीच्या गळ्यात सुतळीने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर खड्ड्याचा आणि थराचा नंबर. खापरं धुवायची, सावलीत वाळवायची. मग एकेक हातात घेऊन आतल्या अंगाला, जिथे नक्षी नाही तिथे, नेलपॉलिशचा छोटा पट्टा ओढायचा. हो, नेलपॉलिशच, बिनरंगाचं. पट्टा वाळला की टाकाने काळ्या शाईत नंबर, आणि त्यावर पुन्हा नेलपॉलिशचा हात. पहिला आकडा खड्ड्याचा, दुसरा मातीच्या थराचा, तिसरा त्या तुकड्याचा. खोदकामावरचे साहेब आधी ट्रेंच म्हणायचे. कामगार खड्डा म्हणत. शेवटी साहेबही खड्डाच म्हणायला लागले.

खात्याकडून नेलपॉलिश कधी वेळेवर आलं असेल तर शपथ. मग नंबरवाले स्वतः टिकल्या-बांगड्यांच्या दुकानात जाऊन डझनभर बाटल्या मागत, आणि दुकानदार डोळा बारीक करून म्हणे, "वहिनींना भलतीच हौस दिसते!" वहिनी, म्हणजे नंबरवाल्यांची बायको, हे ऐकून तडकायची. "एकतीस वर्षांत माझ्या एका नखाला लागलं नाही ते. सगळी चैन त्या मेल्या खापरांची!"

खात्यात येण्याआधी नंबरवाले एका शाळेत कारकून होते. हजेरीपट लिहायचे, दाखले लिहायचे. अक्षर असं की मुख्याध्यापक पाहुण्यांना दाखवायला रजिस्टर बाहेर काढत. एकदा साहेब त्या शाळेत टेकाडाविषयी भाषण द्यायला आले. त्यांनी ते रजिस्टर पाहिलं आणि भाषण राहिलं बाजूला. "हे कोणी लिहिलंय?" म्हणाले. पुढच्या महिन्यात नंबरवाले गोदामात.

पहिल्याच दिवशी साहेबांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, "हे बघा, तुमच्या घरात चप्पल कुठे असते?"

"दारात."

"दारात सापडली तर मी म्हणेन, माणूस घरी आहे. तीच चप्पल विहिरीच्या काठावर सापडली तर?"

नंबरवाल्यांच्या अंगावर काटा आला.

"चप्पल तीच," साहेब म्हणाले. "बदललं काय? जागा. आम्ही वस्तू उचलली की जागा मोडते, कायमची. परत खणता येत नाही. मग ती जागा उरते फक्त माझ्या वहीत आणि तुमच्या नंबरात. वही माझी, नंबर तुमचा."

आता ह्यातली खरी गोम सांगतो. नंबर पडले की पिशव्या मोडायच्या. काठ काठांत, बुडं बुडांत, नक्षीची खापरं वेगळ्या पेटीत. नऊ थरांची सरमिसळ करून टाकायची, कारण एकसारखे तुकडे शेजारी ठेवल्याशिवाय त्यांच्यातला फरक दिसत नाही. नंबर आहे म्हणून ही हिंमत करायची. कुठलाही तुकडा उचला, तो कुठला ते पाठीवर लिहिलेलंच आहे.

एक ते सहा नंबरचे खड्डे दुसऱ्या लोकांनी खणले होते, त्यांचे अहवाल छापूनही झाले होते. सात नंबर साहेबांचा. त्यात पाचव्या थरात एक जळालेलं घर लागलं. चूल, चुलीजवळ रांजणाचं बूड, भिंतीशी ओळीने मडकी, जागच्या जागी तडकलेली. आग लागली आणि माणसं हातातलं टाकून पळाली, पुन्हा आलीच नाहीत. साहेब त्या घराने वेडे झाले. कोण होती ही माणसं, कुठली मडकी वापरत होती, कोणाशी त्यांचं येणंजाणं होतं, सगळं सगळं त्या एका थरातून काढून दाखवीन म्हणाले. "दोन वर्षांत अहवाल देतो. तुमचं नाव पहिल्या पानावर, नंबरवाले!"

दोन वर्षं गेली. चार गेली. दहा गेली. साहेब दुसऱ्या टेकाडांची पाहणी करत राहिले, चार-दोन लेख लिहिले, सातच्या अहवालाचं नाव नाही. विषय काढला की चष्मा पुसायला घेत. खात्यात कुजबुज सुरू झाली, मग कुजबुजीची थट्टा झाली. आणि नंबरवाले? त्यांनी तर साहेबांना मनातून उतरवूनच टाकलं. तोंडावर अदब, पाठीमागे जाळ. जेवताना बायकोसमोर म्हणायचे, "माणूस हुशार, पण आळशी गं. पक्का आळशी! चौतीस हजार खापरं लिहिली मी. डोळ्यांच्या खाचा झाल्या. आणि ह्याला दोनशे पानं लिहवत नाहीत?"

बायको म्हणायची, "अहो, जेवा आधी."

साहेब वारले तेव्हा नंबरवाले गेले, हार घातला, आणि परत येताना पुटपुटले, "घेऊन गेला सगळं स्वतःबरोबर."

त्यानंतर वर्षभरात तेही निवृत्त झाले. म्हणजे कागदोपत्री. रोज सकाळी डबा घेऊन गोदामात हजर. पहारेकरी काही बोलत नसे. सातच्या दोनशे चौदा पेट्या पत्र्याच्या मांडणीवर होत्या. त्यांच्यावरची धूळ झटकायची, कुजलेली पेटी बदलायची, एखाद्या खापरावरचं पॉलिश उडालं असेल तर नवा हात द्यायचा. असं तीन वर्षं चाललं. कोणीतरी येईल, साहेबांसारखा आळशी नसलेला कोणीतरी, आणि हा अहवाल लिहील, एवढीच आशा. म्हातारपणी माणसाला एवढं तरी नको का?

मग खात्याच्या नव्या मॅडम आल्या. पंचेचाळिशीच्या, बोलायला सरळ. त्यांनी गोदाम फिरून पाहिलं आणि नंबरवाल्यांना स्टुलावर बसवून सांगितलं.

"काका, ही इमारत पंधरा दिवसांत रिकामी करायची आहे. नवं गोदाम ह्याच्या निम्मंही नाही. ज्याचा अहवाल आहे ते जाईल. अहवाल नसला तरी खणतानाची वही असेल तर तेही नेईन मी, भांडून नेईन. पण सातची ना वही ना अहवाल. नुसत्या नंबरांवरून कोणाला काय कळणार?"

"वही आहे," नंबरवाले म्हणाले.

"कुठे?"

"साहेबांच्या घरी असणार. कुठे जातेय?"

"मग आणा. वही मिळाली तर ह्या पेट्यांना मी हात लावू देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी नंबरवाले साहेबांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुस्तकांनी भरलेल्या. साहेबांच्या पत्नीला खात्यातले सगळे बाईसाहेब म्हणत. गुडघे धरत धरत त्यांनी दार उघडलं. खिडकीपाशी टेबल, त्यावर साहेबांचा चष्मा अजून तसाच.

"सातची वही?" बाईसाहेब म्हणाल्या. "ती तर कायम ह्या टेबलावरच. रोज संध्याकाळी इथे बसायचे बघा. कोरा कागद पुढे, पेनाचं टोपणसुद्धा काढायचे नाहीत. जेवायला हाक मारली की उठायचे. मी काय कमी बोलले त्यांना! म्हटलं, लोक तोंडावर हसतात, मला बाहेर मान वर करता येत नाही. एक पुस्तक लिहून होत नाही तुमच्याच्याने? म्हटलं, गोदामातला तो कारकूनसुद्धा तुमच्यापेक्षा कामाचा."

नंबरवाल्यांनी मान खाली घातली. खोटं कशाला बोला, आतून त्यांना बरंच वाटलं.

"ते काय म्हणायचे?"

"काय म्हणणार? 'हो गं, तो कामाचा आहे' म्हणायचे."

खणातून त्यांनी वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेले. देताना म्हणाल्या, "तुमच्या त्या मॅडमना सांगा, आता तरी तो अहवाल होऊ दे. माणूस गेला, पण नावाला आळशीपणा चिकटलाय, तेवढा निघाला तर मी सुटले. काय ठरलं ते मला येऊन सांगा हं. फोनवर नको, मला नीट ऐकू येत नाही."

वही छातीशी धरून नंबरवाले गोदामात आले. दुपार होती. मांडणीच्या मधल्या बोळात स्टूल घेतलं आणि उघडली. काय सुरेख वही! पानापानावर नकाशे, मातीचे रंग, कुठल्या दिवशी किती खोल गेले, ऊन कसं होतं तेसुद्धा. नंबरवाल्यांना भरून आलं. पाचव्या थरापाशी आले. घराचा नकाशा, चूल, रांजण. आणि घराच्या बरोबर मधोमध एक गोल. त्याच्या शेजारी साहेबांनी लिहिलं होतं: '५अ. हा कचऱ्याचा खड्डा. चारशे-पाचशे वर्षांनंतरच्या लोकांनी वरून खणलेला, जळालेलं घर फोडून खाली गेलेला. खोली पाचची, पण माल पाचचा नाही. पिशव्या कटाक्षाने वेगळ्या.' 'कटाक्षाने'खाली दोन रेघा.

नंबरवाल्यांनी ते दोनदा वाचलं.

५अ अशा चिठ्ठ्या त्यांना चांगल्या आठवत होत्या. २अ, ३अ, ६अ अशाही. शाळेत बारा वर्षं हजेरीपट लिहिलेला माणूस तो. पाचवी अ, पाचवी ब. पोरं जास्त झाली की तुकडी पाडायची. अ असो की ब असो, पोरगं पाचवीतलंच. पिशवी भरली म्हणून साहेबांनी दुसरी केली आणि तिला अ म्हटलं, असंच त्यांनी धरलं होतं. विचारायचं काय त्यात? इतकं साधं विचारलं तर साहेब हसतील. मोठ्या खापरावर त्यांनी अ लिहिला. लहानावर, जिथे मावत नव्हता, तिथे गाळला. उगाच अक्षर दाटीवाटीने काढून घाण कशाला करायची? आणि मग काठ काठांत, बुडं बुडांत, सगळं एकत्र.

त्यांनी पुढची पानं उलटली. खणून झाल्यानंतरची, दोन वर्षांनंतरची तारीख. साहेबांचं अक्षर बारीक झालेलं.

'काळं चकचकीत खापर पाचमध्ये? अशक्य.'

'आज पुन्हा बसलो. मोठ्या तुकड्यांवर अ आहे, लहानांवर नाही. जागेअभावी गाळला असावा. पिशव्या मोडलेल्या, चिठ्ठ्या टाकून दिलेल्या. वेगळं करणं आता शक्य नाही.'

'सगळ्याच अ-खड्ड्यांचं तेच. सातवर काहीही सिद्ध करता येणार नाही. लिहिलं तर खोटं लिहावं लागेल. खरं कारण छापलं तर नंबरवाल्यांवर येईल.'

आणि शेवटच्या पानावर: 'चूक माझी. नुसता अ लिहून समजेल असं गृहीत धरलं. नंबरवाल्यांना सांगायचं नाही. हे काम हेच त्यांचं सर्वस्व आहे.'

बस्स. पुढे वही कोरी होती.

तो महिना नंबरवाल्यांना आठवला. साहेब रोज दुपारी गोदामात येऊन पेट्या उपसत बसायचे. एके दिवशी सगळं आवरून उठले, नंबरवाल्यांच्या टेबलापाशी आले, आणि त्यांनी नुकतंच लिहिलेलं एक खापर हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं," म्हणाले. नंबरवाले तेव्हा फुलून गेले होते. घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं. आणि त्यानंतर सव्वीस वर्षं त्याच माणसाला आळशी म्हटलं, चारचौघांत म्हटलं, हार घालून परतताना म्हटलं. अरे देवा!

आता बघा, वाट होती. शेवटची तीन पानं. जुना कागद, एक झटका पुरला असता. वही अस्सल, नकाशे अस्सल, मॅडम शब्दाच्या पक्क्या. दोनशे चौदा पेट्या नव्या गोदामात गेल्या असत्या, आणि उद्या कोणी शहाण्याने त्यावरून जाडजूड पुस्तक लिहिलं असतं. काळी चकचकीत मडकी जळालेल्या घरात ठेवून दिली असती, पाचशे वर्षं आधीच्या माणसांच्या चुलीवर. नंबरवाल्यांनी पानाच्या कडेला अंगठा लावला. बराच वेळ लावून ठेवला. जे लिहिलं तर खोटं होईल म्हणून साहेब बायकोचे टोमणे खात बसून राहिले, तेच आता ह्यांच्या हाताने व्हायचं? त्यांच्याने होईना.

संध्याकाळी त्यांनी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि शेवटची पानं स्वतःच उघडून दिली.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. माणूस चांगला हो. मग वाट शोधायला लागल्या. "मोठे तुकडे तरी? मोठ्यावर तुम्ही अ लिहिलाच आहे ना? मग मोठे आणि अ नसलेले, तेवढे पाचचे धरता येतील."

"मोठे म्हणजे केवढे, मॅडम?"

"तुम्ही सांगा. किती मोठ्या खापरावर अ लिहीत होतात?"

नंबरवाल्यांनी आठवून पाहिलं. "मोजून नाही केलं. जिथे बरा दिसला तिथे लिहिला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काका, मी नाही वाचवू शकत हे."

"मला माहीत आहे."

"तुम्ही ती पानं काढून टाकू शकला असतात."

"हो."

आठवड्याने ट्रॅक्टर आला. टेकाडावर सात नंबरचा खड्डा अजून उघडाच होता, गुरं पडायची त्यात. भराव हवाच होता. पेट्या पालथ्या करताना आवाज फार झाला. नंबरवाले काठावर उभे राहून बघत होते. उन्हात एखादा तुकडा उलटा पडे आणि पॉलिश चमके, नंबर स्पष्ट वाचता येई, सात, पाच, अमुक. दोनशे चौदा पेट्या दुपारपर्यंत संपल्या. वरून माती लोटली. ड्रायव्हरने विचारलं, "बाबा, तुमचं काही होतं का ह्यात?" नंबरवाले म्हणाले, "नाही."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती नेहमीसारखी तडकली नाही. नुसती म्हणाली, "बाईसाहेबांना काय सांगणार आता?"

"जे आहे ते. साहेबांच्या नावावरचा डाग तरी निघेल."

तेवढंच एक उरलं होतं हातात, तेवढं नीट करावं असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी मॅडमकडून वही परत घेऊन ते साहेबांच्या घरी गेले. बाईसाहेबांनी चहा ठेवला. नंबरवाल्यांनी चहाला हात लावला नाही. उभ्याउभ्याच, मोठ्या आवाजात, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं, सगळं सांगितलं. चूक माझी होती. साहेबांना ती कळली होती. माझं मन मोडू नये म्हणून ते कोणाला बोलले नाहीत, तुम्हालाही नाही. ते आळशी नव्हते. मग वहीतलं शेवटचं पान वाचून दाखवलं.

बाईसाहेब ऐकत होत्या. मध्येच त्यांनी वही मागून घेतली आणि नाकाजवळ धरून ते पान स्वतः वाचलं. नंबरवाल्यांना वाटलं, आता रागावतील. शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरंच झालं असतं, त्यासाठीच ते मनातून तयार होऊन आले होते.

"म्हणजे तेव्हा ते बसायचे ते ह्यासाठी," बाईसाहेब म्हणाल्या.

"हो."

"शेवटच्या दिवशीसुद्धा बोलले हो मी. दवाखान्यात. म्हटलं, आता तरी सांगा, का नाही लिहिलंत? नुसते बघत राहिले माझ्याकडे. मी तोंड फिरवून बसले." त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली. "तुम्ही हे मला कशाला सांगितलंत? आळशी होते तोवर मला त्यांच्यावर रागावता तरी येत होतं."

खुर्चीच्या पाठीला धरून नंबरवाले तसेच उभे राहिले. बाईसाहेबांनी दाराकडे हात केला आणि म्हणाल्या, "जा तुम्ही आता."